टाकं देणाऱ्याचं नाव दगडात, गाव देणाऱ्याचं कुठं?

पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन निवांत वाचा.

मे महिना आला की मला एक प्रश्न हमखास येतो. "एका दिवसात जुन्नर-आंबेगाव कसं बघायचं? किल्ला पण पाहिजे, तलाव पण पाहिजे. बरोबर म्हातारं माणूस आहे." यंदा हा प्रश्न घरातूनच आला. पुण्याहून भाचा आला होता. म्हणाला, "मामा, एखादा लेकसाईड किल्ला दाखव ना. वर किल्ला, खाली पाणी, असा." आणि शेजारी बसलेली आई म्हणाली, "मला पण न्या. येताना डिंभ्यावरून या."

आईनं डिंभ्याचं नाव का काढलं ते मला माहीत होतं. भाच्याला माहीत नव्हतं. आईचं माहेर आंबेगाव. आंबेगाव तालुका नव्हे, आंबेगाव गाव. ते डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे.

तर मंचरच्या बाजूच्या आमच्या गावातून पहाटे पाचला निघालो. नारायणगाव, जुन्नर, शिवनेरी, मग चावंड, आणि परतताना घोडेगावावरून डिंभे. कोणाला जायचं असेल तर हा फेरा एका दिवसात होतो, फक्त पहाटे निघायला पाहिजे आणि मे महिन्यात डोक्याला टॉवेल पाहिजे.

शिवनेरीबद्दल जुन्नरकरांना मी काय सांगणार? 19 फेब्रुवारी 1630 हा दिवस शाळेतल्या पोराला पण पाठ आहे. जुलै 2025 मध्ये युनेस्कोनं मराठा लष्करी किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्या बारा किल्ल्यांत शिवनेरी आहे. आपल्या सगळ्यांच्या स्टेटसला त्या दिवशी शिवनेरीच होता, माझ्या पण होता.

सात दरवाजे ओलांडून वर गेलो. शिवाई देवीला हात जोडले. आई गुडघ्यांमुळे खालीच थांबली होती. जन्मस्थानाच्या इमारतीपुढं सकाळी साडेसहालाच रांग होती. मी भाच्याला म्हटलं, रांग कमी होईपर्यंत चल, तुला दुसरं काहीतरी दाखवतो. आणि त्याला गंगा-जमुना टाक्यांपाशी नेलं.

इथं थोडं थांबून बोलायचं आहे, कारण किल्ला म्हटलं की आपण तलवार बघतो, तोफ बघतो, बुरूज बघतो. पाणी बघत नाही. 1670 च्या दशकात जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर एका मोगल अधिकाऱ्याच्या बोलावण्यावरून जुन्नरला आला होता. गडावर हजार कुटुंबांना सात वर्षं पुरेल एवढा साठा आहे, असं त्यानं लिहून ठेवलं. आता विचार करा. धान्य कोठारात भरून ठेवता येतं. पाण्याचं काय? वेढा पडल्यावर खाली नदीवर घागर घेऊन कोण जाणार? सात वर्षांच्या धान्याला अर्थ येतो तो या टाक्यांमुळे.

आपला सह्याद्रीचा काळा दगड पाणी सहज जिरू देत नाही. तो कोरून टाकं केलं की पावसाळ्यात वरच्या उतारावरचं पाणी त्यात उतरतं. खांब सोडून आत खोलवर कोरलेलं टाकं असलं तर वर दगडाचंच छप्पर राहतं. ऊन लागत नाही, म्हणून पाणी उडून जात नाही. कोरताना निघालेला दगड तटाला आणि बांधकामाला जातो. एका कामात दोन कामं. भाचा इंजिनिअर आहे, त्याला हे पटकन कळलं. म्हणाला, "म्हणजे पाऊस जिथं पडला तिथंच अडवला." बरोबर. ज्याच्या डोक्यावर पडला, त्यालाच प्यायला मिळाला.

आणि ही विद्या किल्ल्यांच्याही आधीची. शिवनेरीच्याच कड्यांमध्ये बौद्ध लेणी आहेत. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा आणि शिवनेरी मिळून जुन्नरभोवती दोनशेहून जास्त लेणी आहेत. नाणेघाटातून वर येणारा व्यापार या गावातून पुढं जायचा, त्यातून पैसा आला आणि त्या पैशातून ही लेणी झाली. लेण्यांच्या बाहेर जागोजागी पाण्याची टाकी आहेत. ब्राह्मी लेखांत त्यांना "पोढी" म्हटलंय.

जुन्नरच्या लेण्यांतला एक लेख मला फार आवडतो. इरिल नावाच्या यवनानं, म्हणजे ग्रीक म्हणवणाऱ्या माणसानं, दोन पोढी दान दिल्या, एवढंच त्यात आहे. मानमोडीच्या एका लेखात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम यानं एक पोढी आणि मंडप दिल्याची नोंद आहे, वर्ष 46 असं लिहून. एक परका व्यापारी-बिपारी असेल, दुसरा राजाचा मंत्री. दोघांनी पाणी दिलं. दोघांची नावं दगडात आहेत आणि जवळजवळ दोन हजार वर्षांनी आपण ती वाचतो आहोत.

हे लक्षात ठेवा, पुढं परत लागेल.

गडावर अजून एक जागा आहे, तिथं गर्दी नसते. महादेव कोळी चौथरा. मोगलांविरुद्ध इथल्या महादेव कोळ्यांनी उठाव केला, तो मोडून काढल्यावर पकडलेल्यांची या ठिकाणी कत्तल झाली, असा या चौथऱ्याचा इतिहास सांगतात. भाचा तिथं थोडा वेळ गप्प उभा राहिला. त्याला इतिहासाच्या पुस्तकात हे कधी भेटलं नव्हतं. मला पण शाळेत असताना भेटलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट त्याला नवी होती. ज्या गडावर महाराज जन्मले तो गड त्यांच्या हयातीत स्वराज्यात आला नाही. 1657 मध्ये त्यांनी जुन्नरची मोगलांची पेठ मारली, तीन लाख होन आणि दोनशे घोडे नेल्याची नोंद आहे. पण शिवनेरी घेण्याचे प्रयत्न फसले. गड मराठ्यांकडे आला तो शाहू महाराजांच्या काळात. मोठ्या माणसाचं पण एखादं घर दुसऱ्याच्या ताब्यात राहतं. ते परत बघायला सुद्धा मिळत नाही. हे वाक्य मी भाच्याला सहज बोलून गेलो, आणि मग मला खाली थांबलेली आई आठवली.

खाली उतरून जुन्नरात मिसळ खाल्ली आणि आपटाळ्याच्या रस्त्याला लागलो.

आपटाळे सोडलं की उजवीकडं माणिकडोहचं पाणी दिसायला लागतं. कुकडी नदीवरचं हे धरण 1984 मध्ये पूर्ण झालं. साठा साधारण 10 टीएमसी. एक टीएमसी म्हणजे 2,830 कोटी लिटर, आता गुणाकार तुम्ही करा. जलाशयाचं नाव शहाजीसागर. नाव योग्यच आहे, कारण निजामशाही वाचवायची शेवटची धडपड शहाजीराजांनी याच मुलखात केली आणि 1636 मध्ये माहुलीच्या तहात जुन्नर, जीवधन, चावंड, हडसर हे किल्ले त्यांना मोगलांच्या हवाली करावे लागले. पाण्याच्या एका बाजूला हडसर, दुसऱ्या बाजूला चावंड. भाच्याला पाहिजे होता तसाच फोटो. गाडी थांबवून त्यानं वीसेक काढले.

मे महिना असल्यामुळे पाणी बरंच खाली गेलं होतं. काठाला तपकिरी पट्टा उघडा पडला होता. आई म्हणाली, "ही गाळपेर. पाणी उतरलं की इथं पेरायचं, चढायच्या आत काढायचं." भाच्यानं विचारलं, "कोणाची जमीन आहे ती?" आई म्हणाली, "होती कोणाची तरी."

चावंडवाडीत गाडी लावली. आई एका घराच्या पडवीत बसली. त्या घरच्या बाबांनी आम्हाला वाट सांगितली आणि भाच्याच्या हातातली अर्धी रिकामी बाटली बघून म्हणाले, "वर टाक्यात पाणी हाय, पण गाळून घ्या."

चावंडची चढण तासाभराची, पण शेवटी कातळात कोरलेल्या उभ्या पायऱ्या आहेत. आता रेलिंग आहे म्हणून ठीक. या पायऱ्यांचा बराच भाग इंग्रजांनी उडवला. 1818 च्या मे महिन्यात मेजर एल्ड्रिजच्या फौजेनं जुन्नर भागातले किल्ले एकामागून एक घेतले आणि पुन्हा कोणी वर जाऊन लढू नये म्हणून वाटा तोडल्या. किल्ला मारायचा असला की आधी त्याची वाट मारायची. ते सगळ्यांना कळतं.

या गडानं एक लहान राजा पण सांभाळलाय. 1595 च्या सुमाराला अहमदनगरच्या गादीवरून भांडण लागलं तेव्हा मियाँ मंजू या वजीरानं बहादूर निजामशाह या कोवळ्या वारसदाराला इथं चावंडवर कैदेत ठेवलं आणि दुसऱ्यालाच गादीवर बसवलं. पुढं चांदबिबीनं अहमदनगर मोगलांपासून लढवलं आणि हाच मुलगा गादीवर आला. तसा निजामशाहीचा जन्म पण जुन्नरचाच. 1490 मध्ये मलिक अहमद बहामनी सत्तेतून वेगळा झाला तेव्हा तो इथं होता, अहमदनगर नंतर वसलं. शिवाजी महाराजांच्या काळात चावंडचं नाव प्रसन्नगड झालं.

पण मला भाच्याला दाखवायचं होतं ते वेगळंच. गडावर एका ओळीत कोरलेली सात टाकी आहेत. सप्तमातृकांची टाकी. ब्राह्मी, माहेश्वरी, कौमारी, वैष्णवी, वाराही, इंद्राणी आणि चामुंडा. सात आया आणि सात टाकी. गडाच्या माथ्यावर चामुंडेचं देऊळ आहे, तिच्यावरूनच गडाला चावंड म्हणतात. ज्यानं कोणी ही टाकी कोरली त्याला पाणी म्हणजे आई, हे शिकवायला कोणी लागलं नव्हतं.

भर मे महिन्यात, साडेदहाच्या उन्हात, त्या टाक्यात पाणी होतं. आमची बाटली संपली होती. रुमालातून गाळून घेतलं. गार होतं. एका टाक्यात मात्र चिप्सची पाकिटं आणि दोन प्लास्टिकच्या बाटल्या तरंगत होत्या. भाच्यानं काठीनं ओढून काढल्या आणि पाठपिशवीत घातल्या. मी त्याला काही बोललो नाही, त्यानं आपणहून केलं. लिहितोय एवढ्यासाठी की वर जाणाऱ्यांनी निदान एवढं तरी करावं.

टाक्यापाशी उभं राहून खाली बघितलं की माणिकडोहचं पाणी पसरलेलं दिसतं. म्हणजे एकाच जागेवरून दोन पाणी दिसतात. एक पायाशी, दगडातलं, जिथं पडलं तिथं थांबलेलं. एक खाली, भिंतीमागचं, दुसरीकडं जायला थांबलेलं.

खाली उतरलो तर बाबा आणि आई गप्पा मारत बसलेले. भाच्यानं पाण्याची बाटली विकत मागितली. बाबांनी वीस रुपये घेतले आणि स्वतःच हसले. म्हणाले, "बगा पाव्हणं, समोर एवढं धरान. बगायचं पाणी आमचं, प्यायचं पाणी इकत." मग गंभीर होऊन म्हणाले, "चार महिने पाऊस धो धो. आन उन्हाळ्यात बाया हंडा घेऊन झऱ्यावर."

ही काही त्या एका वाडीची गोष्ट नाही. जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात पाऊस बेसुमार पडतो. तरी उन्हाळ्यात तिथल्या वाड्यावस्त्यांवरून टँकरची मागणी होते. कारण पाणी साठतं खाली आणि माणसं राहतात वर. वरची भातखाचरं, नदीकाठची सपाट जमीन बुडाली, माणसं डोंगराच्या अंगाला सरकली. पाणी वर चढवायला वीज लागते, पंप लागतो, योजना लागते. खाली सोडायला फक्त दरवाजा उघडावा लागतो.

जाताना आईला कुकडेश्वराचं दर्शन घडवलं. पूर गावातलं हे देऊळ, शिलाहारांच्या काळातलं मानतात. कुकडी नदी इथं उगम पावते. झंझ राजानं नद्यांच्या उगमांवर बारा शिवमंदिरं बांधली, त्यातलं हे एक, अशी परंपरा आहे. त्या वेळच्या राजाला नदीच्या उगमाशी जाऊन देऊळ बांधावंसं वाटलं. घाटाची कडा इथून हाकेच्या अंतरावर, पलीकडं कोकण. पण हे पाणी पश्चिमेला जात नाही. कुकडीतून घोडेत, घोडेतून भीमेत, उजनीत, पुढं कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात.

मधे कालवे आहेत. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणं. त्यांचं पाणी जुन्नर-आंबेगावच्या पूर्व भागाला मिळतं आणि पुढं शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, अगदी सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्यापर्यंत जातं. तिकडची जमीन पावसाच्या छायेतली. तिथल्या शेतकऱ्याला हे पाणी म्हणजे जीव. डिंभे-माणिकडोह बोगद्यावरून आपल्याकडं आणि नगरकडं किती भांडणं झाली ते तुम्ही पेपरात वाचलंच आहे. त्या भांडणात सगळे खालचेच बोलतात. वरच्याला कोणी विचारत नाही.

हे मी कोणाकडं बोट दाखवायला लिहीत नाही. बोट दाखवायचंच तर आधी स्वतःकडं दाखवावं लागेल. आमचं गाव कालव्याच्या ओल्या बाजूला आहे. आमचा ऊस, आमचा कांदा, माझं शिक्षण, आम्ही बांधलेलं घर, सगळं डिंभ्याच्या पाण्यावर. आईचं लग्न होऊन ती ज्या गावात आली, त्या गावाला पाणी द्यायला तिचं माहेर बुडालं. माहेर बुडालं आणि सासर भिजलं. घरात हे कधी कोणी असं बोललं नाही, पण हिशोब तेवढाच आहे.

दुपारी चारच्या सुमाराला घोडेगाव ओलांडून डिंभ्याला पोचलो. घोड नदीवरचं हे धरण साधारण 13 टीएमसीचं. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर असं नाव आहे. बाबू गेनू आपल्याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा. 12 डिसेंबर 1930 रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकसमोर आडवा झाला आणि गेला. त्याचं नाव पाण्याला दिलं हे फार चांगलं केलं.

भिंतीजवळ न थांबता आहुप्याच्या रस्त्यानं काठाकाठानं पुढं गेलो. आई खिडकीतून बघत होती. एका वळणावर म्हणाली, "थांबव."

पाणी बरंच उतरलं होतं. दूर चिखलाच्या पट्ट्यात दगडांच्या काही ओळी दिसत होत्या. दरवर्षी उन्हाळ्यात जुन्या आंबेगावच्या खुणा वर येतात, पेपरात फोटो येतो, लोक बघायला जातात. आई काठावर उभी राहिली आणि बोटानं दाखवायला लागली. "ती तिथं वाट होती. त्या अंगाला आमची खाचरं. अंगणात हिरडा वाळत घालायचो, पाऊस आला की सगळ्यांची पळापळ. सुट्टीत माझी आई मला आणायला माणूस पाठवायची." आपली आई जिला आई म्हणते तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं वाटलं.

भाचा म्हणाला, "आजी, हा कालवा आपल्याकडंच जातो ना?"

"मग? तुझ्या आजोबांच्या उसाला कुठलं पाणी होतं?"

"तुला राग नाही आला कधी?"

आई जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पाणी गेलं ते बरंच झालं रे. पोरं शिकली. पण गाव द्यायचं तर गावाला बसवून नीट विचारायचं तरी. कागद आला नि पाणी आलं."

कागदाचं पण सांगतो. आपल्या राज्यात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा 1976 मध्ये झाला, पुढं 1986 आणि 1999 मध्ये नवे झाले. महाराष्ट्रानं हे देशात लवकर केलं, त्याचं श्रेय द्यायलाच पाहिजे. पण लाभक्षेत्रात पर्यायी जमीन हवी असेल तर मिळालेल्या मोबदल्यातले 65 टक्के आधी परत भरा, अशी अट होती. ज्याच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा रोख रक्कम आली, त्याला मुदतीत कागद वाचून, समजून, पैसे परत भरायचे. डोंगरातल्या किती माणसांना हे जमलं असेल ते तुम्हीच ठरवा.

तरी इथल्या लोकांनी हात जोडून बसून घेतलं नाही, हे पण सांगायला पाहिजे. धरणग्रस्त आदिवासींनी शाश्वत संस्थेबरोबर काम करून डोंगरउतारावर पडकई केली, म्हणजे दगडाचे बांध घालून भाताची नवी खाचरं काढली. गाळपेर जमिनीवर पीक घेतलं. मच्छीमार सोसायटी करून ज्या पाण्यानं गाव घेतलं त्याच पाण्यात मासेमारीचा हक्क मिळवला. 2012 मध्ये शाश्वतला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. शिवनेरी जागतिक यादीत गेला त्याच्या तेरा वर्षं आधी आंबेगावचे धरणग्रस्त जगाच्या नकाशावर गेले होते. त्या दिवशी स्टेटस कोणी ठेवलं नाही. मी पण नाही.

आता ते इरिलचं नाव आठवा.

दोन टाकी देणाऱ्या यवनाचं नाव दगडात आहे. एक टाकं आणि मंडप देणाऱ्या अयमाचं नाव, हुद्दा, वर्ष सगळं दगडात आहे. आणि घर, खाचर, देऊळ, वाट, स्मशान सगळं पाण्याला देणाऱ्या गावांचं? आम्ही संध्याकाळपर्यंत काठानं फिरलो. सेल्फीची जागा दिसली, भज्यांच्या गाड्या दिसल्या, पोहू नका अशी पाटी दिसली. इथं कोणती गावं होती हे सांगणारा दगड आम्हाला कुठं दिसला नाही.

इटलीच्या उत्तरेला डोंगरात कुरॉन नावाचं गाव आहे. 1950 मध्ये धरणात बुडालं. 14 व्या शतकातल्या चर्चचा मनोरा तेवढा पाण्यातून वर उभा आहे, आणि लांबून लांबून लोक तो बघायला येतात. आपल्या उजनीत पळसदेवचं देऊळ पाणी उतरलं की असंच वर येतं. मनोरा किंवा शिखर उंच असलं म्हणून त्या गावांची आठवण राहिली. ज्या गावांत उंच काहीच नव्हतं, फक्त घरं होती, त्यांनी काय करायचं?

आंबेगावचं तर अजूनच विचित्र. रोज हजारो लोक सातबाऱ्यावर, दाखल्यावर, लग्नपत्रिकेवर "ता. आंबेगाव" लिहितात. कामकाज घोडेगावला, बाजार मंचरला, आणि नाव पाण्याखालच्या गावाचं. एकदा एका ऑफिसात आईचा फॉर्म भरताना तिथला माणूस म्हणाला, "आजी, तालुका नका सांगू, गाव सांगा." आई म्हणाली, "गावच आंबेगाव." त्यानं कॉम्प्युटरवर दोन-तीनदा शोधलं आणि म्हणाला, "सापडत नाहीये." आई म्हणाली, "नाहीच सापडायचं."

माझं म्हणणं मोठं नाही. शिवनेरीवर आता जगभरचे लोक येतील, रस्ते होतील, पाट्या लागतील, निधी येईल. त्यातला अगदी थोडा पैसा या दोन कामांना लावता येईल. एक, डिंभे आणि माणिकडोह दोन्ही जलाशयांच्या काठी दगड उभे करा आणि त्यावर बुडालेल्या प्रत्येक गावाचं, प्रत्येक वाडीचं नाव कोरा. फ्लेक्स नको, दगडच पाहिजे, लेण्यातल्यासारखा. दोन, जलाशयाच्या वरच्या अंगाच्या वाड्यांना बारा महिने प्यायचं पाणी द्या. बुडीत बंधाऱ्यांची मागणी किती वर्षं चालू आहे. धरणाच्या फुगवट्यात लहान बांध घातला तर मोठं पाणी उतरल्यावर थोडं मागं राहतं, वरच्या माणसाला. दोन हजार वर्षांपूर्वी डोंगरावर पाणी अडवायची अक्कल याच तालुक्यात होती. चावंडच्या माथ्यावर मे महिन्यात पाणी आहे आणि चावंडच्या पायथ्याला नाही, ही गोष्ट आपण सगळ्यांनी मनाला लावून घेतली पाहिजे.

आणि शिवनेरीला सहली नेणाऱ्या शिक्षकांना एक विनंती. पोरांना जन्मस्थान दाखवा, कडेलोट टोक दाखवा. मग टाकी दाखवा, कोळी चौथरा दाखवा, आणि परतताना अर्धा तास एखाद्या जलाशयाच्या काठावर गाडी थांबवा. या पाण्यात कोणती गावं आहेत, एवढं एक वाक्य सांगा. त्यांच्यातल्या अर्ध्या पोरांच्या घरचं पीक त्याच पाण्यावर असेल.

येताना गाडीत आई झोपली. भाचा बराच वेळ फोन न बघता बसला होता. घर जवळ आल्यावर म्हणाला, "मामा, आजीच्या घराचा एकही फोटो नाही का?"

नाही. आमच्याकडं नाही. त्या काळात फोटो लग्नातच निघायचे, आणि आईच्या लग्नाच्या एकाच फोटोत मागं फक्त मांडव दिसतो.

म्हणून विचारतो. जुन्या आंबेगावचा, किंवा माणिकडोह-डिंभ्यात गेलेल्या कुठल्याही गावाचा फोटो तुमच्या घरी असेल, ट्रंकेत, जुन्या अल्बममध्ये, आजोबांच्या तसबिरीमागं, तर एकदा बघा. फोटो नसेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून वाड्यांची नावं, देवळांची नावं, पाणवठ्यांची नावं लिहून काढा आणि मला पाठवा. दगड कधी उभा राहील ते माहीत नाही. पण जेव्हा राहील तेव्हा त्यावर काय कोरायचं, ते आपल्याकडं तयार पाहिजे.